उघड्या तोंडाचा पाणघोडा

१

लवंगीला खरं नाव होतं, पण ऑफिसात पाठीमागे सगळे तिला लवंगीच म्हणायचे, आणि हे तिला चांगलं माहीत होतं. उंची कमी, जीभ तिखट, आणि राग असा की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत तो येऊन बसलेला असायचा. त्याचं तिला वाईट वाटत नव्हतं. जगात माणसं कामं अर्धवट करून हात झटकतात, आणि आपण चिडायचं नाही, हा कुठला न्याय?

तिचं काम रेघांचं. लहान मुलांनी रंगवायची चित्रं ती काढायची. नुसत्या काळ्या रेघा, आत कोरं. ती चित्रं कंपनीच्या साइटवर चढायची. आया, शाळा, पाळणाघरं तिथून घरी प्रिंट काढायची आणि पोरांच्या पुढ्यात कागद आणि खडूंचा डबा टाकून घटकाभर सुटका करून घ्यायची. ज्यांच्याकडे प्रिंटर नाही ती पोरं स्क्रीनवरच रंगवायची. रंग निवडायचा, हत्तीच्या पोटावर बोट ठेवायचं, पोट भरतं. यात मेख एकच. रेघ केसाएवढी जरी उघडी राहिली, तरी रंग फटीतून बाहेर पडतो आणि सगळं पान त्याच रंगाचं होऊन बसतं. मग आयांचे शिव्याशाप सुरू.

म्हणून रेघ बंद पाहिजे. बाकीच्यांची चित्रं दुरुस्तीला परत यायची, लवंगीची कधीच नाही. "माझ्या रेघेला नाव ठेवून दाखवा," असं ती भर जेवणाच्या सुट्टीत म्हणायची, आणि कुणी ठेवायचं नाही.

त्या महिन्यात पाणघोड्यांचा घाट होता. साहेबांना पाणघोडे हवे होते. अंघोळ करणारा, फुगा धरलेला, चिखलात लोळणारा, आणि एक समोरून, आ वासलेला. हा शेवटचा तिला झक्क जमला होता. अर्धं पान नुसतं तोंड. खाली दोन सुळे, वर दोन, मध्ये मऊ जीभ. ओठाची रेघ गालापाशी नेऊन तिनं नीट मिटवली होती. ते तिला लख्ख आठवत होतं, कारण मिटवताना पेन जरा अडखळलं होतं आणि ती पेनावर चिडली होती.

दुपारी चष्मिशची हाक आली. चित्रं साइटवर चढवायचं काम त्याचं.

"बाई, तुमचा पाणघोडा गळतोय."

"काहीतरी बोलू नकोस."

त्यानं तिच्यासमोर करडा रंग निवडून बोट पोटावर ठेवलं. पोट भरलं, मग तोंड भरलं, मग सगळं पान करडं झालं. ओठ गालाला मिळतो त्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी फट होती.

"तू हात लावलास याला."

"मी कशाला हात लावू? मला रेघ काढता येते का?"

"मग बिघडवता येत असेल."

लवंगीनं त्याला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसून फट बुजवली, बोट ठेवून पाहिलं. पोट भरलं आणि रंग गालापाशी थांबला. ती चपला वाजवत जागेवर गेली.

२

घरी ठकी होती.

ठकी तिच्या दादाची मुलगी, वय वर्षं पाच. वहिनी वारली आणि दादा बदलीच्या गावी निघाला तेव्हा म्हणाला, बस्तान बसेपर्यंत ठेव. लवंगीनं ठेवली. बस्तान काही बसत नव्हतं. दर वेळी फोनवर नवं कारण, आणि दर वेळी फोन ठेवल्यावर लवंगीच्या तळपायाची आग मस्तकात. पोरीसमोर बोलायचं नाही असं ती ठरवायची आणि पोरीसमोरच बोलायची. दोन खोल्यांच्या घरात पोर जाणार कुठे?

पोरीवर जीव नव्हता असं मात्र कुणी म्हणू नये. सकाळी वेणी घालताना ती रिबिनीची गाठ डावीकडे जरा सैल ठेवायची, कारण तिकडे ठकीच्या कानामागे दुखायचं. दुधावरची साय काढून द्यायची. रात्री पोरीचा पाय आपल्या पोटावर पडला तरी हलायची नाही. पण हे सगळं ती न बोलता करायची, आणि ओरडणं मोठ्यानं. पोरीला ऐकू काय जाणार?

नवीन पान आधी ठकीकडे द्यायचं, हा शिरस्ता होता. मुलाचा हात कुठे अडतो, कुठे घसरतो, ते बघून लवंगी रेघा सुधारायची. पहिल्या पहिल्यांदा ठकीचा खडू रेघेबाहेर जायचा, पाच वर्षांच्या मुलाचा जातो तसा. "रेघ कशाला असते? बाहेर जायचं नाही म्हणून असते," लवंगी कडाडली होती. एकदाच. त्यानंतर ठकीचा खडू कधी बाहेर गेला नाही. रेघेच्या आत केसभर जागा सोडून ती थांबायची आणि आत्याकडे बघायची. चूक झाली नाही ना, एवढंच बघायची.

आ वासलेल्या पाणघोड्याची प्रिंट तिनं ठकीला दिली आणि चहा टाकायला गेली. परत आली तेव्हा पाणघोडा हिरवागार झाला होता. ठकीला सगळं हिरवंच लागायचं. पाय हिरवे, कान हिरवे, पाणीसुद्धा हिरवं. तोंडाची आतली बाजू मात्र कोरी.

"हे का ठेवलंस?"

"ती जागा आहे."

"कुणाची?"

ठकीनं खांदे उडवले. लवंगीनं कागद उचलला आणि तिचं डोकंच फिरलं. ओठाच्या कोपऱ्यात फट. दुपारी तिनं आपल्या हातानं बुजवलेली, आणि आता दाण्याएवढीही नाही, चांगली नखाएवढी. म्हणजे त्या शहाण्यानं जुनीच फाइल ठेवली होती. आणि वर तोंड करून सांगतो, मला रेघ येत नाही.

"हिरवा खडू दे. निदान कोपरा तरी भरते."

"खडू नाही."

"नाही म्हणजे? आत्ता तर होता."

"तिथून आत गेला," ठकी म्हणाली आणि फटीवर बोट ठेवलं.

लवंगी ओरडली. खडू हरवतेस ते हरवतेस आणि वर थापा मारतेस, आणून देणारी मी आहे म्हणून किंमत नाही, तुझ्या बापासारखीच तू. सगळा पाढा वाचून झाला. ठकी आवाज न करता रडली. ती नेहमीच आवाज न करता रडायची. मग दोघींनी मिळून पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, गालिचा उचलला. खडू मिळाला नाही. लवंगीला वाईट वाटलं, पण तसं म्हणायची वेळ निघून गेली होती.

३

सकाळी डबा भरताना तिचं लक्ष टेबलावरच्या पानाकडे गेलं आणि डब्याचं झाकण तिच्या हातात तसंच राहिलं.

कोऱ्या तोंडात, जिभेवर, एक खडू होता. रंगवलेला नव्हे. काढलेला, नुसत्या काळ्या रेघेचा. वरचं टोक झिजलेलं, गुंडाळलेला कागद अर्धा सोललेला. ठकी खडूचा कागद तसाच सोलते, एका बाजूनं.

तिनं नखानं घासून पाहिलं, रेघ निघाली नाही. नंतर राग आला, आणि राग आला की लवंगीला बरं वाटायचं, कारण रागाला पुढे काय करायचं ते माहीत असतं. हे चष्मिशचं काम. काल बोलले ते त्याच्या जिव्हारी लागलं, आणि आता माझ्या चित्रात चिमट्या काढतोय. पण हे पान कालपासून घरातच होतं, ठकीच्या हिरव्या रंगासकट, हा विचार तिच्या मनात आला. तो तिनं येऊ दिला आणि तिथंच सोडून दिला.

ऑफिसात तिनं बॅग ठेवायच्या आत तोंड सोडलं. साहेब आतून बाहेर आले. चष्मिशनं सगळं ऐकून घेतलं. मग खणातून मूळ कागद काढून टेबलावर ठेवला. तिच्या हातचा, तिच्या पेनाचा, स्कॅन करून झाल्यावर खणात ठेवलेला.

त्या कागदावरही फट होती. आणि जिभेवर खडू होता.

"मी कॉम्प्युटरवर काही करू शकतो बाई," चष्मिश म्हणाला. "कागदावर कसं करू?"

साहेब वाकून बघत होते. "रेघ तर तुमचीच आहे," ते हळू म्हणाले. "ही आकडी बघा."

लवंगीला बघायची गरज नव्हती. रेघ संपताना ती पेन झटक्यानं उचलते, त्यामुळे शेवटाला डावीकडे बारीक आकडी राहते. दुसऱ्या कुणाच्या हातात ती येत नाही. खडूच्या टोकाला ती आकडी होती. फटीच्या दोन्ही कडांना मात्र नव्हती. त्या कडा तुटल्यासारख्या नव्हत्या, खोडल्यासारख्याही नव्हत्या. कुणीतरी रेघ हातानं बाजूला सारावी, पडदा सारतात तशी, तेवढंच झालं होतं.

आपणच काढला असेल का? दमलेलो असताना, अर्धवट झोपेत? माणसं झोपेत चालतात, दारं उघडतात. तिनं स्वतःला हे पटवून पाहिलं. अर्धं पटलंही. ठकीचा खडू कसा सोललेला असतो हे तिच्या हाताला माहीत असणारच की.

"तुमची तब्येत बरी नसेल तर दोन दिवस घरूनच करा काम," साहेब म्हणाले.

"माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय?" ती म्हणाली, पण आवाजात नेहमीचा दम नव्हता.

४

दुपारी एका बालवाडीच्या बाईंचा फोन आला. साहेबांनी तो लवंगीकडे दिला, कारण तक्रार तिच्याच चित्राची होती.

"तुमचं ते पाणघोड्याचं पान मी सगळ्या वर्गाला दिलं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढा होता, तो आवरून धरल्याचं कळत होतं. "वर्गातले निम्मे खडू गायब आहेत. दप्तरं झाडली, खिसे बघितले."

"मुलं खडू खातात. त्याला मी काय करू?"

"मुलं सांभाळून माझे केस पांढरे झालेत. खाल्लेला खडू दातांवर दिसतो. आणि एकाही मुलानं तोंड रंगवलं नाही. एकानंही नाही. मी म्हटलं रंगवा, तर एक मुलगी म्हणाली, बाई, तिथं पाय द्यायचा नाही, जोपर्यंत तो ये म्हणत नाही. कोण म्हणत नाही, विचारलं तर तोंडावर बोट. मी सगळी पानं फाडून टाकली. तुम्हीही ते काढून टाका. आणि असली चित्रं काढणाऱ्या बाईला मुलं आहेत की नाही, मला खरंच कळत नाही."

लवंगीच्या तोंडाशी चार उत्तरं आली होती. तिनं एकही दिलं नाही, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

साहेबांनी पान साइटवरून उतरवायला सांगितलं. चष्मिशनं ते उतरवलं, मूळ कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "फाडून टाका. माझं ऐका. मी घरी नेलं असतं तर आधी तेच केलं असतं."

"मी माझं चित्र फाडत नाही. चुकलेली रेघ मी बंद करते. तेवढंच काम येतं मला."

हे ती ताठ्यानं बोलली, आणि कागद घरी घेऊन गेली. रेघा काढणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं. दुसऱ्या कुणीही तो कागद जाळला असता.

५

दोन दिवस ती घरून काम करत होती. मूळ कागद पुढच्या खोलीत टेबलावर, वर काच ठेवलेली. बंद करायला म्हणून ती रोज बसायची आणि दुसरंच काम काढायची. राग असला की तिचा हात चालायचा, आणि आता राग धरायला कुणी सापडत नव्हतं.

वस्तू जात होत्या. खोडरबर गेला. ठकीची निळी क्लिप गेली. एक मोजा गेला, डाव्या पायाचा, बोटापाशी शिवलेला. लवंगी पलंगाखाली बघायची नाही आता. सरळ टेबलाशी जायची. खोडरबर जिभेच्या कडेला, क्लिप सुळ्याच्या मुळाशी, मोजा जरा आत. तिची टाक्यांची शिवणसुद्धा, टाक्याला टाका. आणि फट आता चांगली बोट जाईल एवढी झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ठकी न्हाणीघरात होती. आतून पाण्याचा आवाज येत होता, मग्ग्याचा, ठकीच्या गुणगुणण्याचा. लवंगी आतल्या खोलीत कपडे घडी करत होती. आणि पुढच्या खोलीतून खडू घासल्याचा आवाज आला.

हा आवाज तिच्या ओळखीचा. तिची अर्धी संध्याकाळ याच आवाजात जायची. एका अंगानं, न थांबता, मोठी जागा भरताना येतो तसा. घस, घस, घस. कोपरा आला की जरा सावकाश. न्हाणीघरात ठकी गुणगुणत होती, आणि पुढच्या खोलीत कुणीतरी रंगवत होतं.

ती दारापर्यंत गेली. आवाज थांबला. खोलीत कुणी नव्हतं, काच जिथल्या तिथं. तिनं काचेवर हात ठेवला. काच ओलसर होती, खालच्या बाजूनं. कुणी आतून श्वास सोडावा तशी.

त्या दिवशी जेवताना तिनं शक्य तितक्या हळू आवाजात विचारलं, "ठके, त्या पाणघोड्याशी तू बोलतेस का?"

"तो बोलतो. मी नुसतं ऐकते."

"काय म्हणतो?"

ठकीनं घास बाजूला ठेवला. ती आत्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, पान पुरं झाल्यावर बघायची तशीच. "म्हणतो, आत ये. आत कुणी रागवत नाही."

लवंगी म्हणाली, "मी रागावते ते तुझ्यावर नसतं गं."

"मग कुणावर असतं?"

याचं उत्तर तिला माहीत होतं, पण पाच वर्षांच्या पोरीला ते कसं सांगायचं? तिनं ठकीच्या तोंडात घास दिला. उद्या सकाळी उठल्या उठल्या ती रेघ बंद करायची, आणि पुन्हा या घरात आवाज चढवायचा नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं. ठकीनं बऱ्याच दिवसांनी वाटी पुसून खाल्ली.

६

सकाळी वेणी घातली. रिबिनीची गाठ डावीकडे सैल. ठकीला पुढच्या खोलीत जमिनीवर बाहुली देऊन बसवलं, दाराची वरची कडी लावली, आणि लवंगी पेन शोधत होती तेवढ्यात दादाचा फोन आला.

आधी इकडचं तिकडचं. मग तो खाकरला. लवंगीला ते खाकरणं लहानपणापासून माहीत होतं. काच फुटली की दादा आईसमोर असाच खाकरायचा, आणि मार लवंगी खायची.

"मी लग्न करतोय," तो म्हणाला. "तिला आधीचं मूल नकोय. म्हणजे तसं नाही, पण सध्या नको. तुझ्याकडे ठकी रुळलीय ना आता. तुलाही सोबत होते."

कालपासून दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं. "सोबत?" ती म्हणाली. "मी तुझ्या पोरीची आया आहे का? जन्माला घालायची तू, सांभाळायची मी, आणि वर उपकार तुझे? लाज कशी वाटत नाही रे तुला. तू नको म्हणतोस, ती नको म्हणते, मग मीच का? माझ्या गळ्यात का? ने, आजच्या आज ने. मला नकोय ती. ऐकतोस का, मलाही नकोय."

पलीकडून फोन ठेवला गेला होता. किती आधी, कोण जाणे.

तिला काहीतरी फोडायचं होतं, आणि समोर टेबल होतं. तिनं काच बाजूला सारली, जाड टोकाचं पेन उचललं, जे ती कधी वापरायची नाही, आणि खुर्ची ओढून बसली. फट आता चांगली मोठी होती. तिनं दात-ओठ खात रेघ ओढली. गालापासून ओठापर्यंत, मग त्याच रेघेवरून परत, मग पुन्हा. कागद फाटेल एवढा दाब देऊन. नजर फक्त रेघेवर. तोंडात काय आहे ते तिनं पाहिलं नाही. रेघ बंद करताना रेघेकडेच बघायचं असतं.

शेवटी पेन झटक्यानं उचललं. आकडी राहिली.

मग तिला कळलं की घर फार शांत आहे.

७

"ठके."

बाहुली जमिनीवर होती, पाय पसरून, जशी ठकी बसवते तशी. आतल्या खोलीत कुणी नव्हतं. पलंगाखाली, कपाटात, दारामागे कुणी नव्हतं. न्हाणीघर कोरडं. खिडकीला गज. दाराची कडी वर, लावलेली, ठकीच्या हाताला खुर्चीवर चढूनही न पोचणारी. ठकीच्या चपला दाराशी जोडीनं होत्या.

"ठके, लपू नकोस. आत्या रागावली नाहीये."

सगळीकडे बघून झाल्यावर पुन्हा सगळीकडे बघितलं. एक जागा राहिली होती आणि ती कुठली हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. म्हणून तर तिनं बाकी सगळं दोनदा पाहिलं. पोरगी जिन्यात असेल, शेजारी असेल, कडी मी लावलीच नसेन, असं ती मोठ्यानं बोलत होती. कडी लावलेली समोर दिसत होती.

मग ती टेबलाशी गेली.

खडू होता. खोडरबर, क्लिप, मोजा होता. त्यांच्याही मागे, सुळ्यांच्या पलीकडे, जिथं तिनं कधीच काही काढलं नव्हतं, एक वेणी होती. पाठमोरी. नुसती वेणी आणि थोडा खांदा, बाकीचं जबड्याच्या आड. वेणीच्या टोकाला रिबिनीची गाठ होती, डावीकडे जरा सैल.

खडू मघाशी जिभेवर होता. तिनं पुन्हा पाहिलं तेव्हा तो तिथं नव्हता.

८

आवाज आला तेव्हा ती कागदावर इतकी वाकली होती की तो तिला कानानं ऐकू आला की गालाला जाणवला, हे तिला कळलं नाही. घस, घस.

तोंडाच्या आतल्या कोऱ्या जागेत हिरवा रंग उमटत होता. आतल्या बाजूनं, कागदाच्या पलीकडून, सावकाश. मागच्या कोपऱ्यातून सुरू होऊन जिभेवरून पुढे, जिभेवरून ओठाकडे. तिनं मारलेल्या जाड रेघेपर्यंत आला आणि थांबला. रेघेच्या आत केसभर जागा सोडून.

"बाहेर ये," लवंगी म्हणाली. "ठके, ये बाहेर. रेघ ओलांड."

हिरवं तिथंच थांबलेलं. वाट बघत असावं तसं.

"आत्यानं सांगितलंय ना, ओलांड. मी खोटं बोलले फोनवर. ते दादावर होतं, तुझ्यावर नव्हतं गं. तू हवीयेस मला. मलाच हवीयेस."

तिनं खणातून व्हाइटनर काढलं. जाड रेघेवर पांढरं फासलं, एकदा, दोनदा, काळं दिसेनासं होईपर्यंत. फुंकर मारली. वाळल्यावर नखानं खरवडलं, कागदाचा थर निघाला, रेघेचा मागमूस उरला नाही. ओठाच्या कोपऱ्यापासून गालापर्यंत आता फट नव्हती, चांगलं दार होतं. एवढ्यातून ठकी चालत आली असती.

"बघ, रेघच नाही आता. ये."

हिरवं हललं. पुढे आलं, हळूहळू, जिथं रेघ होती तिथवर. ठकीला तो कोपरा पाठ होता. तिथं काय असायचं ते तिला आत्यानंच शिकवलं होतं.

हिरवं केसभर अलीकडे थांबलं, सरळ, एकही टोक पुढे न जाऊ देता. थोडा वेळ थांबून राहिलं, चूक झाली नाही ना ते कुणी सांगेल म्हणून. मग मागे वळलं आणि उरलेलं कोरं भरायला लागलं. नीट, घाई न करता, आत्याला आवडतं तसं.